ग्लासगोतून हॅम्बर्गला गेलेलं काम

निवेदिता बोकारेला कुणी विचारलं, की तू नक्की काय काम करतेस, तर ती म्हणायची, "मी विमानाचे पंख वाजवून बघते." माठ विकत घेताना आपण बोटाने टकटक करून बघतो ना, तसंच ते, फक्त बोटाऐवजी ध्वनिलहरी. हल्लीच्या मोठ्या विमानांचे पंख बरेचसे कार्बनच्या कापडाचे असतात. थरावर थर रचायचे, राळेत भिजवायचे आणि भट्टीत भाजायचे. दोन थरांच्या मध्ये हवेचा एखादा फुगा अडकला, तर वरून काहीही कळत नाही. तो हुडकून काढणं हा निवेदिताचा धंदा.

नागपूरला मेकॅनिकल करून ती २००८ साली मास्टर्ससाठी ग्लासगोला आली आणि हिलिंग्टनच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका अठरा माणसांच्या फर्ममध्ये चिकटली. ग्रेगर नावाचा उंच, अबोल स्कॉटिश माणूस फर्मचा मालक होता. "नॉट बॅड" ही त्याच्या तोंडची सगळ्यात मोठी शाबासकी. नवरा शशिधर सरकारी हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ, मुलगी ईशिता शाळेत. ग्लासगोच्या बेअर्सडेन उपनगरात घर, मागे ओलसर हिरवळीचा तुकडा. तक्रार करावी असं काही नव्हतं.

निवेदिताच्या डोक्यात मात्र एक कल्पना घर करून बसली होती. पंख तयार होऊन, थंड होऊन बाहेर आला, की मग तो तपासायचा आणि दोष निघाला तर टाकून द्यायचा, अशी सगळीकडची रीत. तिचं म्हणणं, भट्टीत भाजला जात असतानाच तपासा. चूक तिथेच कळली, तर ती तिथेच सुधारता येते. पण दोनशे अंशांच्या उष्णतेत टिकणारं यंत्र बनवायचं म्हणजे अठरा माणसांच्या फर्मचा घास नव्हे. त्याला युरोपचा संशोधन कार्यक्रम लागणार होता. अमेरिकेसमोर आणि उद्याच्या चीनसमोर युरोपच्या विमानधंद्याला उभं राहायचं, तर सरकारांनी आणि कंपन्यांनी मिळून संशोधनाचा भार उचलायचा, असं ते धोरण. त्यात फ्रान्सचा माणूस भट्टी बनवतो, स्पेनचा साचा, ग्लासगोची बाई यंत्र. निवेदिताला हे धोरण फार आवडायचं. त्याच्या एका जुन्या प्रकल्पातच तिला हॅम्बर्गच्या संशोधन संस्थेतली आन्के भेटली होती. आन्के तिच्याहून सात वर्षांनी लहान, हुशार, आणि बोलायला लागली की थांबायची नाही.

दोघींनी मिळून दीड वर्ष खपून नव्या कार्यक्रमासाठी प्रस्ताव लिहिला. सहा देशांतल्या नऊ संस्था, आणि सगळ्यांचं नेतृत्व निवेदिताच्या फर्मकडे. २०२१च्या डिसेंबरात निवड झाल्याचं कळलं. ग्रेगरने ट्रेभर शॉर्टब्रेडची बिस्किटं आणली, सगळ्यांसमोर घसा खाकरला आणि म्हणाला, "नॉट बॅड." घरी ईशिताने विचारलं, "आई, तू आता सगळ्यांची बॉस झाला?"

"झाली म्हण गं. झाली," असं म्हणत निवेदिता हसत सुटली.

पुढच्या उन्हाळ्यात ब्रसेल्सहून पत्र आलं. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं होतं, आणि संशोधन कार्यक्रमात त्याने परत सामील व्हायचा करार दुसऱ्याच भांडणांत अडकून पडला होता. करार होत नाही तोवर ब्रिटिश संस्थेला नेतृत्व करता येणार नाही. साठ दिवसांत ते संघातल्या एखाद्या संस्थेकडे सोपवा, नाहीतर निवड रद्द समजावी.

निवेदिताने ब्रसेल्सला फोन लावला. पलीकडची बाई फार गोड होती. "मला व्यक्तिशः वाईट वाटतं," ती म्हणाली. मग निवेदिताने लंडनला फोन केला. तिथला माणूस म्हणाला, "काळजी करू नका, तुमच्या वाट्याच्या निधीची हमी आपलं सरकार घेतंय."

"निधी ठीक आहे हो. नेतृत्वाचं काय? काम माझं आहे."

"त्याची हमी आम्हाला देता येत नाही," तो म्हणाला, आणि त्यालाही वाईट वाटत होतं.

स्थानिक खासदारबाई शुक्रवारी लायब्ररीत बसून लोकांची गाऱ्हाणी ऐकायच्या, तिथे ती गेली. रांगेत पुढे एक म्हातारी होती, तिच्या कौन्सिलच्या, म्हणजे पालिकेच्या भाड्याच्या घरात भिंतींना बुरशी धरली होती. तिचं बोलणं ऐकताना निवेदिताला स्वतःचंच गाऱ्हाणं ओशाळवाणं वाटू लागलं. खासदारबाईंनी नीट ऐकून घेतलं, टिपून घेतलं, मंत्र्यांना लिहिते म्हणाल्या. अकरा आठवड्यांनी उत्तर आलं. सरकार विमान उद्योगाशी बांधील आहे, असं त्यात दोनदा लिहिलं होतं. तोवर साठ दिवस उलटून गेले होते.

त्याआधीच ग्रेगरने तिला केबिनमध्ये बोलावलं होतं. "आपण अडून बसलो, तर बाकीच्या आठांचंही जाईल," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. "आन्केला दे."

आन्केचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. "मी हे मागितलं नव्हतं, निवेदिता."

"माहीत आहे मला. म्हणून तर तुझ्यावर चिडताही येत नाही."

मग निवेदिता हस्तांतराची फाइल लिहायला बसली. फर्ममध्ये तिने बनवलेल्या छोट्या नमुना-यंत्रात कुठला सेन्सर कुठे चिकटवायचा, कुठली चूक तिने तीनदा केली होती आणि चौथ्यांदा कशी टाळली, सगळं. आपलंच घर दुसऱ्याला दाखवत फिरावं, इथे दिव्याचं बटण, इथे पाण्याचा नळ, असं ते लिहिणं. एकेचाळीस पानं झाली. काही गोष्टी लिहिता आल्या नाहीत, कारण त्या तिच्या हातांना माहीत होत्या, तिला नव्हत्या.

त्या रविवारी शशिधर ओट्यापाशी कांदा चिरत होता. मध्येच हात थांबवून म्हणाला, "निवू, माझ्या मतामुळे झालं का गं हे?"

२०१६च्या सार्वमतात त्याने ब्रिटनने संघातून बाहेर पडायच्या बाजूने मत दिलं होतं. युरोपचे लोंढे थांबले, की भारतीय डॉक्टरांना व्हिसा सोपा होईल, असं तेव्हा त्याला कुणीतरी पटवलं होतं. निवेदिताने त्या वेळी त्याची थट्टा करून विषय सोडून दिला होता.

"एका मताने काय होतंय," ती म्हणाली.

"मग माझ्याकडे बघून म्हण ना."

तिने वर बघितलं, पण तेच वाक्य पुन्हा काही तोंडातून निघेना. शशिधरने मान खाली घातली आणि उरलेला कांदा चिरून टाकला. त्यानंतर हा विषय त्या घरात निघाला नाही.

प्रकल्प हॅम्बर्गला गेला, तसा त्याच्या मागोमाग माणसांचा ओघही गेला. पुण्याचा कुशल हा निवेदिताने स्वतः तयार केलेला इंजिनिअर. तिच्यापाशी येऊन घुटमळला.

"ताई, आन्केकडे पोस्ट निघालीये. मी अप्लाय केलं तर तुम्हाला राग येईल का?"

"यंत्र तिकडे बनणार, तर तू इथे बसून काय करशील?"

"रेफरन्स लागेल, तुमचाच."

तिने रेफरन्स लिहून दिला, आणि तोही मनापासून. मग आणखी दोघं गेले, एक इंग्लंडातल्या रीडिंग गावी सॉफ्टवेअरमध्ये, एक घरीच बसला. एकेक करत आणखीही गळाले, आणि अठराचे अकरा झाले.

२०२४च्या जानेवारीत ब्रिटन कार्यक्रमात परत सामील झालं. गाडीतल्या रेडिओवर दोन माणसं एकमेकांचं अभिनंदन करत होती. ग्रेगर उत्साहाने म्हणाला, "आता पुढच्या प्रस्तावाचं नेतृत्व आपण मागू." निवेदिताने जुन्या सोबत्यांना एकेक करून फोन केले. सगळे अगत्याने बोलले. स्पेनचा म्हातारा प्रोफेसर शेवटी म्हणाला, "तुझ्याबद्दल प्रश्नच नाही. पण तुमचं सरकार पुन्हा काय करेल याचा भरवसा कुणी द्यायचा? या वेळी भागीदार म्हणून ये." चालू प्रकल्पातही तिच्या वाट्याला भट्टीच्या तापमानाच्या नोंदी पडताळायचं काम आलं. ते कुणीही करू शकलं असतं.

ऑक्टोबरात यंत्राची पहिली पूर्ण चाचणी होती. आन्केने आग्रहाने बोलावलं, म्हणून निवेदिता हॅम्बर्गला गेली. दारावर पाहुण्यांचा बिल्ला गळ्यात घातला गेला. हॉलमध्ये भट्टी, भट्टीत पंखाचा चार मीटरचा तुकडा, आणि त्यावर तिचं यंत्र. या पूर्ण आकारात फक्त कागदावर बघितलेलं, कधी हात न लावलेलं. सगळे पडद्याकडे बघत होते. तापमान चढलं, चित्र उमटायला लागलं, आणि चित्रावर आडव्या रेघा आल्या. आन्केने आकडे बदलून बघितले. रेघा हटेनात.

निवेदिताला बघताक्षणी कळलं. चौकट तापून फुगते, डावीकडचा पकडबोल्ट घट्ट असला की सेन्सर दाबला जातो. ग्लासगोला त्या छोट्या नमुन्यावर ती तो नेहमीच जरासा सैल ठेवायची. फाइलीत लिहायचं राहून गेलं होतं, कारण ती असं करते हे तिच्या ध्यानातच नव्हतं. ती झपाझप पुढे निघाली.

"मॅडम," सुरक्षेचा माणूस आडवा आला. जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्याकडे त्याने बोट दाखवलं. पाहुण्यांनी पट्ट्याच्या अलीकडे थांबायचं. विम्याचा नियम. तोही नम्रच होता.

"कुशल!" तिने तिथूनच हाक मारली. "डावीकडचा, वरून दुसरा बोल्ट. पाव फेरा सैल कर. हळू!"

कुशलने जाड हातमोजे चढवले आणि भट्टीबाहेर आलेल्या चौकटीच्या त्या बोल्टाला पाना लावला. निवेदिताची बोटं हवेतच वळली. रेघा पुसट झाल्या, मग गेल्या, आणि पंखाचं आतलं चित्र पडद्यावर स्वच्छ उभं राहिलं. टाळ्या पडल्या. कुणी कुशलची पाठ थोपटली, आन्केला तर दोघांनी मिठीच मारली. निवेदितानेही टाळ्या वाजवल्या. पडदा तिच्यापासून बराच लांब होता, त्यावरचे आकडे तिला वाचता येत नव्हते.

आन्के धावत आली, तिचे दोन्ही हात धरून म्हणाली, "तुझ्यामुळे झालं. रिपोर्टमध्ये तुझ्या नावाने आभार लिहीन." ती अगदी खरं बोलत होती. निवेदिता म्हणाली, "लिही."

सोमवारी ती हिलिंग्टनला पोचली तेव्हा ग्रेगर किटलीपाशी उभा होता.

"चालतंय का?" त्याने विचारलं.

"चालतंय," ती म्हणाली. "छान चालतंय."

ग्रेगरने मान हलवली. किटलीतलं पाणी तिच्याही कपात ओतलं. तिने कोट खुर्चीवर टाकला, कॉम्प्युटर सुरू केला आणि तापमानाच्या नोंदींची फाइल उघडली. तीन हजार ओळी होत्या. पहिल्या ओळीवर बोट ठेवून ती आकडे पडताळू लागली.