उदगीरचं वाक्य

निजामाच्या अमलात आमच्या नांदेडच्या शाळेला शुक्रवारी सुट्टी असायची. मी गणित शिकवायचो. बांबूच्या तट्टीपलीकडे इंग्रजीच्या मास्तरांचा वर्ग, त्यामुळे त्यांचं थकलेलं इंग्रजी मला रोज ऐकावं लागे. ‘मस्ट’, ‘कॅन’ आणि ‘टू’, ‘बाय’ शिकवायला त्यांच्याकडे दरसाल एकच उदाहरण. “आय मस्ट गो टू उदगीर ऑन फ्रायडे. आय कॅन गो बाय ट्रेन.” शुक्रवारी मला उदगीरला गेलंच पाहिजे, रेल्वेनं जाता येतं. पोरं एका सुरात म्हणायची. कुणी चुकलं की मास्तर खुर्चीवरून न उठता टेबलावर छडी आपटायचे.

एकदा मी विचारलं, “मास्तर, उदगीरला कोन हाय?”

“माय हाय. एकटीच.”

“मग जात का न्हाईत?”

“जायचंच हाय हो. पन शुक्रवार आला की लई थकवा येतो.”

शेवटी ते गेले, ते तार आल्यावर. पंधरा दिवसांनी मुंडण झालेलं डोकं टोपीखाली झाकून परतले. त्या दिवशी त्यांनी फळ्यावर उदगीरच्या जागी जवळच्या भोकर गावाचं नाव लिहिलेलं मला तट्टीच्या फटीतून दिसलं.

पोरं सवयीनं उदगीरच म्हणाली. मी खडू थांबवून वाट पाहिली. छडी काही वाजली नाही.