रत्नप्रभा आग्रह करत नाही

रत्नप्रभाचा स्वभावच असा, की पाहुण्याला दुसरा चहासुद्धा ती आग्रहाने देत नसे. "घेणार असाल तर ठेवते," एवढंच म्हणायची, आणि पाहुणा बिचारा संकोचून नको म्हणायचा. ही बाई पुढे दारोदारी हिरव्या पुडीचे डबे पोचवील, असं विक्रोळीच्या कन्नमवार नगरात कुणी सांगितलं असतं, तर सगळ्यात आधी तीच हसली असती.

पण गुडघ्यांनी तिला तिकडे नेलं. पवईला तीन घरी उभ्याने स्वयंपाक करून गुडघे गेले, ती कामं सोडून घरी बसली आणि त्याच महिन्यात कुणीतरी ती पूड दिली. सकाळ-संध्याकाळ चमचाभर, कोमट पाण्यातून. तीन महिन्यांत ती चौथ्या मजल्यावरून कठड्याला हात न लावता उतरायला लागली. हा गुण पुडीचा की घरी बसण्याचा, असं तिच्या नवऱ्याने, दशरथने, एकदा विचारलं होतं. ती त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही.

मग ती स्वतःच त्या पुडीचे डबे विकायला लागली. पुडीच्या कंपनीच्या मीटिंगा घाटकोपरला एका हॉलमध्ये व्हायच्या. तिथे सुबोधसर शिकवायचे, "विकू नका. कुणाच्या मागे लागू नका. आपला अनुभव सांगा आणि गप्प बसा. समोरचा स्वतःहून विचारतो." इतर बायकांना हे काही जमायचं नाही. त्या बारशात डबे काढून बसायच्या आणि लोक त्यांना बघून दुसऱ्या जिन्याने जायचे. रत्नप्रभाला मात्र शिकायची गरजच नव्हती. गप्प बसणं तिला जन्मापासून येत होतं.

शिवाय ती विहारातली बाई. वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन व्हायचं, ते तिच्याकडे असे. वाचनाआधी सगळ्यांबरोबर पंचशील घ्यायची, आणि त्यातलं खोटं न बोलण्याचं शील ती अक्षरशः पाळायची. कुणी गुडघ्याचं विचारलंच तर म्हणायची, "मला फरक पडला. तुला पडेल की नाही ते मला माहीत नाही." हे 'माहीत नाही' कंपनीच्या सगळ्या रंगीत पत्रकांना भारी पडायचं. विहारात वाचणारी बाई खोटं कशाला बोलेल? बायका आपणहून डबा मागायच्या.

शेवंती समोरच्या दारातली, तीस वर्षांची मैत्रीण. तिला बारा वर्षांपासून शुगर होती. गोळ्या चालू होत्या, गोळ्यांचा कंटाळाही चालू होता. तिने पूड सुरू केली आणि आठवड्याभरात म्हणाली, "हलकं वाटतंय गं." रत्नप्रभाला मनापासून आनंद झाला. यात खोट काढण्यासारखं काही नाही. तिचा पुडीवर खरोखर विश्वास होता. खोटी माणसं निदान सावध तरी असतात.

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपला. विहारात खीर वाटायला रत्नप्रभा उभी होती. शेवंतीने वाटी पुढे केली आणि हळूच विचारलं, "रत्ना, गोळ्या बंद करू का गं? आता पूड आहे ना."

खबरदार गोळ्या सोडल्यास, असं रत्नप्रभाच्या ओठांवर आलं होतं. पण मागे रांग होती, चारचौघांत कुणाला दटावायची तिला सवय नव्हती. आणि खरं सांगायचं तर मनाच्या एका कोपऱ्यात आशाही होती, की पुडीनेच शुगर उतरली तर किती चांगलं होईल. ती म्हणाली, "मी कोण सांगणारी? तुला कसं वाटतंय ते तू बघ."

शेवंतीने त्यात होकार ऐकला. तिने त्याच रात्रीपासून गोळ्या सोडल्या.

पुढे नव्या चपलेने तिच्या पायाला फोड आला. तो बरा होईना, तेव्हा तिने पूड दोन चमचे केली आणि पायावर मोजा चढवला. घरात कुणाला सांगितलं नाही. माघात वास यायला लागला तेव्हा मुलीने, दर्शनाने, मोजा ओढून काढला. इस्पितळात नेलं तोवर पाऊल काळं पडलं होतं. गुडघ्याखालून पाय कापावा लागला.

इस्पितळाच्या जिन्यावर दर्शना भेटली. ती भांडली नाही. भांडली असती तर रत्नप्रभाला बरं वाटलं असतं. "मावशी," ती म्हणाली, "आईने तुम्हाला विचारलं होतं ना? तेव्हा एकदा ओरडायचं होतं तुम्ही. तुमचं ती ऐकते."

आपण खोटं बोललो नाही, एवढंच रत्नप्रभाकडे उरलं होतं, आणि त्याचा आता कुणाला काही उपयोग नव्हता. ती वॉर्डात गेली.

शेवंतीचा चेहरा तिला बघून उजळला. "डबा आणलास?"

"नाही आणला."

"अगं, इथे कोमट पाणी मिळतं. मी उशिरा सुरू केलं म्हणून पाय गेला. दोन वर्षं आधी घेतलं असतं तर वाचला असता." मग तिने शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगितलं, "हीच ती रत्ना. चार मजले कशी उतरते बघा."

ती बाई उठून बसली. तिच्या टाचेला पट्टी होती. "ताई, मलाही शुगर आहे. कुठली पूड ती?"

रत्नप्रभा त्या खाटेकडे वळली. ती आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने बोलली. सगळा वॉर्ड वळून बघेल इतक्या मोठ्याने. "घेऊ नका. काही उपयोग नाही तिचा. माझे गुडघे काम सोडल्याने बरे झाले. डॉक्टरांच्या गोळ्या घ्या, दुसरं काही करू नका. मी हात जोडते."

तिने खरोखरच हात जोडले.

शेवंती उशीवर मान टेकून कौतुकाने हसली. "बघितलंत? अशीच आहे ही. तीस वर्षं बघतेय, कधी कुणाच्या गळ्यात काही मारणार नाही. उलट नकोच म्हणेल."

"तेच तर," ती बाई म्हणाली. "म्हणून तर खरं वाटतं." तिने उशीखालून मोबाईल काढला आणि शेवंतीला म्हणाली, "तुमच्याकडे नंबर असेल ना यांचा?"

शेवंती एकेक आकडा सांगायला लागली. तिला तो तोंडपाठ होता.