फोनातले चौतीस लेख

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळं कुणाला काही विचारायचं म्हटलं की जीवावर येतं. विचारलं की कळतं ना, हिला येत नाही म्हणून.

सोमवारपर्यंत सरांना पीएचडीचं पहिलं प्रकरण द्यायचं होतं, आधी कुणी काय लिहिलंय त्याचं. नाही दिलं तर सहा महिने पुढं. विषय लातूरच्या डाळमिलांत डाळ निवडणाऱ्या बायका. माझी आईही त्यातलीच, गुडघे गेले तेव्हा सुटली.

शुक्रवारी लातूरहून पहिल्या एसटीनं नांदेडच्या विद्यापीठात गेले. ग्रंथालयाच्या संगणकावर ‘डाळमिल’ टाकलं, काही नाही. ‘महिला कामगार’ टाकलं तर ढीगभर नावं, पण ‘उपलब्ध’ लिहिलेलं पुस्तक कपाटात नसायचं. मग इंग्रजी डेटाबेसकडं वळले. तिथं लेख भराभर उघडत होते. डोळे चुरचुरेपर्यंत बसले. कामाचा दिसला की त्याची लिंक माझ्याच नंबरला व्हॉट्सॲप करायची. चौतीस झाल्या. संगणकांच्या नोंदवहीपाशी बसणाऱ्या काकांनी दोनदा विचारलं, जमतंय का. दोन्ही वेळा मी म्हणाले, हाव, जमतंय.

घरी पोचले तेव्हा पाठ धरली होती. आईनं पिशवी चाचपली, पुस्तकं कुठायत विचारलं. म्हटलं, सगळी फोनात हायेत.

“फोनात हायेत, मग नांदेडला कशापायी गेलतीस?”

मी हसले. चहा घेऊन पहिली लिंक उघडली. लॉगिन मागितलं. दुसरीनंही. चौतीसच्या चौतीस तशाच. हे लेख विद्यापीठाच्या नेटवरच उघडतात, असं खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं. आईनं बरोबरच विचारलं होतं.

शनिवारी परत तीच गाडी, तेच साडेतीन तास. काकांसमोर उभी राहिले.

“मला डाउनलोड करता येत नाही. दाखवा.”

ते हसले नाहीत. फोन तिथल्या वायफायला जोडून दिला, फाइल कशी उतरवायची ते दाखवलं. घरून उघडायलाही आयडी मिळतो म्हणाले आणि अर्ज हातात दिला. त्यावर सरांची सही लागते.

“काल विचारलं असतं तर एक खेप वाचली असती, ताई.”

शनिवारचं ग्रंथालय लवकर बंद होतं. तोवर एकवीस लेख उतरले.

परतताना गाडी अहमदपूरच्या स्टँडवर थांबली तेव्हा नेट बंद करून एक लेख उघडून बघितला. उघडला. काजू सोलणाऱ्या बायकांवरचा होता. वाचता वाचता डोळा लागला.

घरी आईला त्यातला फोटो दाखवला. तिनं फोन डोळ्यांजवळ धरला.

“ह्या बी आमच्यावानीच बसल्यात. ह्यांच्या गुडघ्यांचं काय लिवलंय?”

रविवारभर वाचलं, लिहिलं, गुडघे शोधले. एकवीसपैकी एकातही नव्हतं.

सोमवारी प्रकरण दिलं. आईनं विचारलेला प्रश्न त्यात शेवटी आहे, या लेखांत कुणीच न विचारलेला म्हणून. वरती सरांच्या सहीसाठी आयडीचा अर्ज टाचलाय.