भावजींचे मधाच्या रंगाचे फासे

भावजींना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं ते एका रविवारी दुपारी, जेवणाच्या टेबलाशी. पुढ्यात स्टीलचा एक उघडा डबा होता आणि ते त्यात नुसते बघत बसले होते.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. लिफ्ट दुरुस्त करतात. लग्न केलं नाही, आमच्याकडेच मागच्या खोलीत राहतात. माणूस खंबीर. एकदा लिफ्टच्या खड्ड्यात पडून हात मोडला, तर प्लास्टर घालून घरी आले आणि मलाच धीर दिला, "वहिनी, घाबरू नका, लिफ्ट ठीक आहे." अशा माणसाच्या गालावरून पाणी ओघळताना पाहिलं. मला वाटलं, कुणीतरी गेलं.

"काय झालं हो भावजी?"

त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला. आधी नाकात वास शिरला. इतका तिखट, की डोळेच चुरचुरले. मग आत पाहिलं. साखरेचा पिवळट चुरा पडावा तसं काहीतरी तळाशी पडलं होतं. बाजूला पितळी फाशांवर हिरवी बुरशीसारखी पुटं चढलेली. रंगीत फासे एकमेकांना चिकटलेले, काहींवरचे आकडे पार पुसलेले.

हे फासे काय प्रकरण आहे ते सांगायला हवं. दर रविवारी आमच्या टेबलाभोवती भावजींची मंडळी जमते आणि एक खेळ चालतो. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कुणी चोर, कुणी जादूगार, कुणी तलवारबाज. चोराला कुलूप उघडायचं असलं की तो म्हणतो, "उघडतो." पण उघडेल की नाही ते फासा ठरवणार. म्हणून फासे लागतात, तेही नाना तऱ्हांचे. चार बाजूंचे, आठ बाजूंचे, वीस बाजूंचे. भावजींनी ते वर्षानुवर्षं जमवले. लाकडी, पितळी, काचेचे, आत फूल गोठवलेले. आणि जमवले तसे वाटले. नवीन माणूस रिकाम्या हाताने आला की भावजी त्याला मूठभर फासे देणार, आणि दिलेला फासा परत घ्यायचा नाही हा त्यांचा नियम. इमारतीत सगळे त्यांना फासेवाले म्हणतात. खालच्या मजल्यावरची चिमुरडी 'फाशीवाले काका' म्हणायची, त्यामुळे नव्या भाडेकरूंच्या तोंडचं पाणी पळायचं.

त्या डब्यात त्यांचे सर्वांत लाडके फासे होते. एक जुना क्लब बंद झाला, तिथली लिफ्ट उतरवायचं काम भावजींकडे होतं. पत्त्यांच्या खोलीतल्या एका खणात त्यांना मधाच्या रंगाचे, आरपार दिसणारे सहा बाजूंचे फासे सापडले. मॅनेजर म्हणाला, "घेऊन जा, नाहीतर कचऱ्यातच जाणार आहेत." त्यातले थोडे भावजींनी मंडळींना दिले. उरलेले आपल्या निवडक फाशांबरोबर रबराची कडी असलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवले. चरे पडतील म्हणून डबा फारसा उघडायचेही नाहीत.

आणि आता हे.

भावजींनी डोळे पुसले, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "वहिनी, तुमच्या हातून यात काही सांडलं का?"

मला आधी कळलंच नाही. मग आठवलं. त्याच आठवड्यात मी ॲसिड टाकून न्हाणीघर घासलं होतं, आणि भावजींचं कपाट न्हाणीघराला लागूनच आहे. शिवाय त्या फाशांना मी जन्मभर नावं ठेवलेली. 'तुमचे हे गोटे' याखेरीज दुसरा शब्द माझ्या तोंडी नव्हता.

"मी? भावजी, मी तुमच्या कपाटाला हातसुद्धा लावत नाही!"

तेवढ्यात हे आतून आले. डबा पाहिला, वास घेतला आणि म्हणाले, "अगं, चुकून झालं असेल तर सांगून टाक ना."

मी सुन्नच झाले. इतकी वर्षं संसार केला, आणि या माणसाला वाटतं मी दिराच्या वस्तूंवर ॲसिड ओतून वर खोटं बोलतेय! ओट्याशी जाऊन भांडी घासायला लागले.

नेहमीच्या वेळेला मंडळी आली. सगळ्यांत पुढे बाई. शाळेत विज्ञान शिकवतात, आणि खेळात चोर असतात. दारातच थबकल्या. "हा वास कसला?" डबा पाहताच ओरडल्या, "हात लावू नका कुणी! खिडक्या उघडा आधी."

मी पदराला हात पुसत बाहेर आले. बाईंनी नाकाला रुमाल लावून चुरा काडीने हलवला.

"हे मधाच्या रंगाचे फासे जुने होते ना? फार जुने?"

"हो," भावजी म्हणाले.

"पूर्वीच्या काळी एक प्लास्टिक असायचं. कंगवे, बटणं, फासे, सगळं त्याचंच करायचे. ते वरून छान दिसतं आणि एक दिवस आपोआप कुजायला लागतं. त्यातून आम्लाची वाफ निघते. तीच बाकीच्यांना लागली."

"म्हणजे कुणी काही ओतलं नाही?" यांनी विचारलं. माझ्याकडे न बघता.

"ओतायची गरजच नाही. वाफ डब्यात कोंडली, की नास आणखी भराभर होतो."

भावजी पुढे झुकले. "बाई, मी झाकण घट्ट लावलं नसतं तर?"

बाईंनी काडी खाली ठेवली. "तर आणखी काही वर्षं टिकले असते. कदाचित."

"म्हणजे मीच," भावजी म्हणाले, आणि खुर्चीत मागे टेकले.

तेव्हा सिस्टर, आमच्या मंडळीतली नर्स, तिने कोटाच्या खिशात हात घातला आणि एक फासा टेबलावर ठेवला. मधाच्या रंगाचा. अखंड. खिशातल्या किल्ल्यांनी त्याला चरे पडले होते, एक कोपरा उडाला होता.

"मी रोज बरोबर ठेवते," ती म्हणाली. "ड्यूटीला जाताना हातात घोळवते. तुम्हाला हवा का परत?"

भावजींनी तो उजेडाकडे धरला. कितीतरी वेळ. मग तिच्या हातात परत दिला. "नको. फक्त बंद डब्यात कधी ठेवू नकोस. आणि दुसऱ्या फाशांजवळही नको."

त्या रविवारी खेळ झालाच नाही. भावजी फोन घेऊन बसले आणि ज्याला ज्याला तसा फासा दिला होता त्याला सांगत सुटले की आधी तो बाहेर काढा. एकाने तो वडिलांच्या घड्याळाशेजारी मखमली डबीत जपून ठेवला होता. फाशाचा चुरा, आणि घड्याळावर हिरवा गंज. भावजी फोनवर माफी मागत राहिले. उलट तोच बिचारा त्यांची समजूत घालत होता.

मंडळी गेल्यावर भावजी स्वयंपाकघरात आले. "वहिनी, मी तुमच्यावर..."

"भावजी," मी म्हटलं, "मला ॲसिड ओतायचंच असतं ना, तर आधी तुमच्या कामाच्या मोज्यांवर ओतलं असतं."

ते हसले, आणि हसता हसता पुन्हा रडायला लागले. मीही रडले. यांना माफी मात्र सहज मिळाली नाही. त्यासाठी यांना बरेच दिवस स्वतःचा चहा स्वतः करावा लागला.

चुरा पटकन पेट घेतो म्हणून, बाईंनी सांगितलं तसा ओला करून टाकून दिला. पितळी फासे भावजींनी घासले, पण पहिली झळाळी आली नाही. बाकीचा सगळा संग्रह त्यांनी बंद डब्यांतून काढून दिवाणखान्यात उघड्या तबकांत मांडला. येईल त्याने बघावं, आवडेल ते न्यावं. पूर्वी मूठभर द्यायचे, आता ओंजळीने देतात. माझी धाकटी बहीण आली होती, तिने प्रवासात खेळायला म्हणून तबकच्या तबक रिकामं केलं. मी लाजले, भावजी मात्र तिला जिन्यापर्यंत सोडायला गेले, राहिलेले दोन फासे घेऊन.

एवढं मात्र झालं, की घट्ट झाकणाची त्यांना आता धास्तीच बसली आहे. स्वयंपाकघरात कुठलाही बंद डबा दिसला की जाता जाता झाकण सैल करतात. सध्या आमच्या साखरेत मुंग्या आहेत.