बारूदखान्यावरचे लेंट

१३ एप्रिल १९४९, बुधवार. मुक्काम मांडूच्या डोंगराखालचा जुना बारूदखाना. हजर: मी, हवालदार योहान साळवे, डिटॅचमेंट कमांडर. नाईक दत्ताजी शिर्के, धारचे. लान्स नाईक केशव मोहिते, देवासचा. सिपाही भगीरथ, कन्नौदकडचा. आणखी चार सिपाही. गैरहजर कोणी नाही.

संस्थाने विलीन झाली, तशा आमच्या फौजाही झाल्या. टोपीवरचा बिल्ला बदलला, माणसे तीच राहिली. आमचे काम सोपे होते. दरबारच्या वेळची बारूद या कोठारात पडून होती, ती नेण्यासाठी वरून हुकूम येईपर्यंत पहारा द्यायचा. कोठाराच्या उताराला लागून भिलांचा एक पाडा होता.

आठ जणांत ख्रिस्ती मी एकटा. माझे वडील मिशन दवाखान्यात कंपाउंडर म्हणून अहमदनगरकडून धारला आले होते. लेंट, म्हणजे ईस्टरआधीचे उपासाचे दिवस, आमच्या घरात वेळापत्रकाने पाळले जात: रोज ठरलेला उतारा, ठरलेल्या वेळी. तीच शिस्त मी फौजेत नेली. संध्याकाळच्या रोल कॉलनंतर मी मनात वाचत असे. पहिल्याच आठवड्यात मोहिते म्हणाला, "हवालदारसाहेब, मोठ्यानं वाचा की. इथं दुसरं आहे काय ऐकायला?" तेव्हापासून सगळे बसू लागले.

मिशनच्या देवळातल्या प्रवचनापेक्षा त्या बैठकीत मी जास्त शिकलो. येशू बागेत प्रार्थना करतो आणि जागे राहायला सांगितलेले शिष्य झोपतात, तो उतारा आला तेव्हा शिर्के चिडले.

"तिघंही झोपले? पहाऱ्यावर?"

"हमारे यहाँ तो सीधा क्वार्टर गार्ड में बंद, भिया," भगीरथ म्हणाला.

मोहिते म्हणाला, "दिवसभर चालून आलेत. बदली कुठं होती त्यांना?"

त्या शिष्यांच्या जागी बदली माणूस कोणी धाडला नव्हता, हे मला कधी सुचले नव्हते.

त्या बुधवारी मार्कच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय होता. वधस्तंभ वाहून येशू थकतो. शेतावरून येणाऱ्या शिमोन नावाच्या माणसाला शिपाई धरतात आणि ते ओझे त्याच्या खांद्यावर देतात.

"म्हणजे वेठ," शिर्के म्हणाले.

"वेठच."

"मग त्यात लिहून ठेवण्यासारखं काय? आपण शिकारीच्या हाक्याला अख्खी गावं धरून आणत होतो."

"त्याला कुणी विचारलं का, येतोस का म्हणून?" मोहितेने विचारले.

"वेठीला विचारतात होय रे? सासुरवाडीला नेतोयस का त्याला?"

सगळे हसले. मोहितेही हसला, पण त्याने प्रश्न मागे घेतला नाही. लहानपणापासून मी ऐकत आलो होतो की शिमोन भाग्यवान. मी नेहमी त्याच्या खांद्यावरच्या ओझ्याकडे पाहिले होते. ज्यांनी स्वतः माणसे धरली होती, त्यांच्यात बसून मला प्रथमच त्याच्या दंडावरचा हात दिसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वणवा लागला. मोहाची फुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा जाळतात, त्यातली एक आग वाऱ्याने गवतात शिरली. मी फील्ड टेलिफोन फिरवला.

"धार, बारूदखाना बोलतोय. आग दोन फर्लांगांवर. माणसं पाठवा."

"गाडी निघते. दोन तास लागतील."

"तेवढा वेळ नाही."

"मग आहेत त्यांत भागवा. आउट."

कोठाराभोवतीचे गवत रुंद पट्ट्यात कापले तरच आग अडणार होती. आठ जणांचे ते काम नव्हते. आणि कोठार उडाले असते तर पाडा उरला नसता. मी शिर्केंना दोन सिपाही देऊन पाड्यावर धाडले. ते लगेच परतले.

"गाव रिकामं, साहेब. भांडी चुलीवर तशीच."

भगीरथ म्हणाला, "वर्दी देखी ने भागी गया, भिया. बेगार समझ्या."

वर्षानुवर्षे त्या वाटेने खाकी आली ती माणसे धरायलाच.

मोहितेने बूट, पट्टा, शर्ट उतरवला. गंजीफ्रॉकवर, हात मोकळे ठेवून, तो नाल्याच्या कडेला उभा राहिला आणि झाडीकडे ओरडला, "बारूद को आग लगेगी. मदद करनी हो तो आओ. नहीं करनी, तो नाले के पार रहो, गाँव में मत जाना. पकड़ेगा कोई नहीं."

थोडा वेळ काहीच हलले नाही. मग एक वयस्क माणूस विळा घेऊन बाहेर आला. त्याच्या मागून इतर आले, बायकाही आल्या. शिर्के त्यांच्या बरोबरीने वाकून गवत कापत होते.

पट्टा पुरा झाला आणि आग अडली. पण एका सुक्या मोहाची जळती फांदी तुटून कोठाराच्या लाकडी दाराला टेकली. मोहिते सर्वांत जवळ होता. त्याने ती मिठी मारून ओढली आणि दूर नेऊन टाकली. अंगात जाड खाकी नव्हती, पायांत बूट नव्हते. कोठार वाचले, पाडा वाचला.

गाडी आली, त्याच गाडीतून आम्ही भाजलेल्या मोहितेला धारच्या दवाखान्यात नेले. शुक्रवारी तो शुद्धीवर होता. म्हणाला, "वाचन कुठवर आलं?"

"एकच अध्याय राहिला, ईस्टरच्या रविवारचा. सांगू?"

"नको. रविवारचं रविवारी."

शनिवारी सकाळी तो गेला. वय चोवीस.

त्याचे वडील देवासच्या पागेत जमादार होते. तेराव्याला त्यांनी मला बाजूला बसवले. "माझ्या केशवला काय वाचून दाखवत होतात, ते मलाही वाचा." तेव्हापासून दर लेंटमध्ये मी बसने देवासला जातो. ओसरीवर घोंगडी असते, केशवचे आबा भिंतीला टेकून ऐकतात. हुंकार देतात, घोड्यांविषयी, गाढवाविषयी शंका विचारतात. शिमोनाचा प्रसंग आला की हात वर करून थांबवतात आणि तेवढे पुन्हा वाचायला लावतात. पंधरावा अध्याय संपला की मी म्हणतो, "पुढं एक अध्याय आहे, आबा. त्यात येशू मेलेल्यांतून उठतो."

"केशवनं ऐकला का?"

"नाही."

"मग राहू द्या."

नोकरी संपली, १९५७ उजाडले. यंदाही मी विचारले आणि यंदाही त्यांनी पुस्तक मिटायला लावले. मात्र या खेपेस ते दारापर्यंत आले आणि म्हणाले, "मोठा आहे का हो तो?"

"लहान आहे. चहा निवायच्या आत होईल."

"बघू," ते म्हणाले.

मार्कचा सोळावा अध्याय वाचायचा राहिला आहे.