आजोबांचा म्हणून दिलेला गुलाब

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. सुमनला, माझ्या बायकोला तर नाहीच – आणि सांगायला हवं होतं ते आधी तिलाच.

सदाशिव पेठेत आमच्या गच्चीवर एक जुन्या जातीचा गुलाब आहे. फिकट गुलाबी, गच्च पाकळ्यांचा. असा वास आता नर्सरीतल्या गुलाबांना नसतो. लोक कलम मागायला येतात आणि सुमन जवळ नसली की मी सांगतो – आमच्या आजोबांनी लावलेला, तीन पिढ्यांचा. आजोबांना साधी तुळस जगवता आली नसती.

तो गुलाब माझ्या सासूबाईंचा, अनसूयाबाईंचा. अमरावतीला एका जुन्या बंगल्यात त्या माळीकाम करायच्या. त्यावरच त्यांनी सुमनला इंजिनिअर केलं. बंगला विकला गेला, बाग सपाट होणार हे कळलं, तेव्हा तिथल्या सगळ्यात जुन्या गुलाबाच्या काड्या आणून त्यांनी दारात जगवल्या. आमच्या लग्नानंतर त्यातलं एक रोप ओल्या फडक्यात गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन त्या पुण्याला आल्या. ‘जावईबापू, याले उन्हात ठेवा,’ एवढंच म्हणाल्या.

मी तेव्हा हिंजवडीला नवीन लागलो होतो. परदेशी पाठवायच्या लोकांत माझं नाव यावं म्हणून – हो, म्हणूनच – मी मॅनेजरना सपत्नीक जेवायला बोलावलं. सासूबाई तेव्हा आमच्याकडेच होत्या. सुमन खाली स्वयंपाकात, मी पाहुण्यांना गच्ची दाखवत होतो.

मॅनेजरच्या बायकोने फूल हुंगलं. ‘कुठून मिळवलात हो हा?’

‘आमच्या आजोबांचा,’ मी म्हणालो. का? माझी सासू माळीण होती, एवढं साधं वाक्य तोंडातून निघेना. तेवढ्यावर थांबलो असतो तर? पण कोपऱ्यात पदर खोचून, खुरपं घेऊन बसलेल्या सासूबाईंकडे पाहून त्यांनी विचारलं, ‘आणि या?’

‘या – झाडांचं बघायला येतात.’

सासूबाईंनी मान वर केली. माझ्याकडे पाहिलं. मग उठल्या, हात झटकले आणि म्हणाल्या, ‘साहेब, माती हलवून ठेवली. जाऊ का मी?’

‘हो, या,’ मी म्हणालो. स्वतःच्या लेकीच्या घरातून त्यांना मी असं जायला सांगितलं.

त्या आतल्या खोलीत जाऊन बसल्या. आज उपास आहे, पाहुण्यांत अवघडल्यासारखं होतं, असं सुमनला सांगून बाहेर आल्याच नाहीत. मी पोटभर जेवलो.

त्यानंतर त्या बऱ्याचदा आल्या. मला जावईबापू म्हणून हाक मात्र पुन्हा मारली नाही. साहेबही नाही. काहीच नाही. सुमनला वाटायचं, आई लाजते. मी तिला तसं वाटू दिलं. माफी मागायला मला किती वर्षं मिळाली होती? बोललो नाही. गेल्या साली त्या गेल्या.

परवा नारायण पेठेतले एक गृहस्थ कलम न्यायला आले. सुमन ऑफिसला गेली होती. मॅनेजर केव्हाच कंपनी सोडून गेलेले. परदेशही पाहून झालेला. गृहस्थांनी विचारलं, ‘कुंडीवर चिठ्ठी लावतो मी. कुणाचा म्हणून लिहू?’

‘आमच्या आजोबांचा,’ मी म्हणालो.