बक्षीस नसलेली शर्यत

आष्ट्याजवळच्या आमच्या गावात नाथाजीएवढं कुणी पळत नसे. मराठा पलटणीतही त्यानं पळूनच नाव काढलं. मग इटलीच्या लढाईत सुरुंगावर पाय पडला आणि डाव्या पायाची बोटं गेली. लष्करी दवाखान्यात शेजारच्या खाटेवर यानी नावाचा ग्रीक शिपाई होता. मोडक्यातोडक्या भाषेत तो सांगे, की त्याच्या मुलखात फार पूर्वी शर्यतींचा मेळा भरे आणि तेवढ्यापुरत्या लढाया थांबत. नाथाजी घरी लंगडत आला, पुन्हा कधी पळाला नाही. पण ती गोष्ट त्याच्या मनात राहिली.

१९४८ सालच्या जूनमध्ये पेरणी उरकून तो आष्ट्याला गेला. शाळेतले गंगाधर मास्तर वर्तमानपत्र वाचत होते. नाथाजीनं यानीची गोष्ट काढली तेव्हा त्यांनी सांगितलं, की ते जुने ग्रीक खेळ साऱ्या जगासाठी पुन्हा सुरू करायचं पॅरिसच्या एका सभेत ठरलं, त्याला चोपन्न वर्षं झाली. ती तारीख तेवीस जून. यंदापासून त्या तारखेला ऑलिंपिक दिन पाळायचा. नऊ देश तयार झालेत.

"त्यात आपला देश हाय का?"

"यंदा तरी नाही."

"मग आमी खेळलो तर कोण रागवंल?"

मास्तर हसले. "कोण रागावणार? सगळ्यांनी खेळावं म्हणून तर तो दिवस."

गावात शेजारच्या भाऊसोनं विचारलं, बक्षीस नाही तर पळायचं कशाला? नाथाजी म्हणाला, देशोदेशीची माणसं एकमेकांना मारायला जमलेली मी पाहिली. खेळायला जमतात, त्यांच्यासारखं एक दिवस आपणही करू. मग भाऊसोही तयार झाला.

तेवीस तारखेला पावसानं उघडीप दिली. माळावर चुन्याची रेघ ओढली. गडी पळाले, धुळा धनगर पहिला आला. नाथाजीची बायको चंद्राबाई सगळ्यांसाठी गूळ-शेंगा घेऊन आली होती. तिनं पाटी खाली ठेवली.

"बायकांनी पळू नये, असं त्या सभेत ठरलंय का?"

नाथाजीनं मास्तरांकडं पाहिलं. सुरुवातीला बायकांना घेत नव्हते, आता त्याही पळतात, असं मास्तर म्हणाले. चंद्राबाईनं कासोटा घट्ट केला. तिच्या मागं आणखी चार-पाचजणी उभ्या राहिल्या. आधी लोक तोंडावर हात धरून हसले, मग ओरडून ओरडून चेव देऊ लागले. म्हातारी मनुबाई निम्म्यात थांबून पोटभर हसली आणि उरलेलं अंतर चालत गेली.

परत येऊन धापा टाकत चंद्राबाई म्हणाली, "आवं, आता तुमी."

"मला कुठलं जमतंय."

"पयलं यायला कुणी सांगितलंय?"

नाथाजीनं वहाणा काढल्या. तो वाकडातिकडा पळाला, एकदा चिखलात बसला, उठला आणि रेघेपर्यंत गेला. कुणी हसलं नाही. धुळानं त्याला हात धरून बांधावर बसवलं.

चंद्राबाईनं ओंजळभर शेंगा दिल्या. पाय दुखतोय का, म्हणून विचारलं.

"दुखतोय की," तो शेंग फोडत म्हणाला. "पण लय बरं वाटतंय."